खोडरबरावर ठसे कोरणं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी (आणि देवनागरी अक्षरांसाठी खास)

ठसठशीत
खोडरबर, एक धारदार पातं आणि शाईचं पॅड, एवढ्या सामानात घरच्या घरी टिकाऊ ठसा तयार होतो. जपानमध्ये या प्रकाराला केशिगोमु हांको म्हणतात आणि तिथे तो चांगला मुरलेला आहे. नान्सी सेकी (१९६२–२००२) या टीव्ही-समीक्षक लेखिका आपल्या लेखांसोबत खोडरबरावर कोरलेले कलाकारांचे चेहरे छापत असत. आपल्याकडे भेंडी-बटाट्याचे ठसे शाळेत होतात आणि बहुतेकांचं तिथेच थांबतं. इंटरनेटवर जी माहिती आहे ती बरीचशी पानाफुलांची आणि रोमन अक्षरांची. देवनागरीत शिरोरेखा, वेलांट्या आणि अनुस्वार यांच्या अडचणी वेगळ्या असतात, म्हणून हा धागा काढला.

खोडरबर पांढरं, एकसंध, प्लॅस्टिक प्रकारचं घ्या. अप्सरा नॉन-डस्टसारखं साधं खोडरबर सरावाला उत्तम. स्टेडलरचं मार्स प्लॅस्टिक ६५ × २३ × १३ मिमीचं येतं, त्याच्या रुंद बाजूवर तीन-चार अक्षरांचं नाव नीट मावतं. शाई खोडायचं निळं-लाल खोडरबर घेऊ नका, त्यात खरखरीत पूड असते आणि पात्याची धार लगेच जाते. वासाची, आकारांची फॅन्सी खोडरबरंही नकोत, ती भुगा होऊन सुटतात. दुकानातून आणल्यावर एका कोपऱ्याचा पातळ काप काढून बघा. काप अखंड वळून निघाला तर रबर कोरण्याजोगं. तुकडे पडले तर ते खोडायलाच वापरा. कोरीव कामाचे खास ब्लॉक, उदाहरणार्थ स्पीडबॉलचा गुलाबी स्पीडी-कार्व्ह, ऑनलाइन मिळतात. पण हात बसेपर्यंत ते महाग पडतात आणि त्यांच्यामुळे काप सुधारत नाही.

पात्यांचं: ९ मिमीचा सरकपात्याचा कटर चालतो, मात्र त्याचं पातं रुंद असल्यामुळे वळणावर अडतं. सर्जिकल दुकानात ११ नंबरचं ब्लेड आणि ३ नंबरचं हँडल मागा. ही जोडी या कामाला सर्वांत चांगली आणि स्वस्तही. हँडलचा नंबर आवर्जून सांगा. ४ नंबरच्या हँडलवर २० च्या पुढची मोठी पाती बसतात, ११ नंबर बसत नाही. पातं चढवताना आणि उतरवताना चिमटा किंवा छोटी पक्कड वापरायची, बोटं नाहीत. जुनी पाती कचऱ्यात मोकळी टाकू नका, झाकणाच्या डब्यात साठवा. लिनोकटचा (लिनोलियमवर कोरायच्या हत्यारांचा) सेट घेतलात तर त्यातलं सगळ्यांत बारीक व्ही आकाराचं आणि मधलं यू आकाराचं, एवढी दोनच हत्यारं कामाला येतात.

आता मुख्य गोष्ट. ठसा चांगला की वाईट हे कापाच्या उतारावर ठरतं. रेषेचा माथा अरुंद आणि पाया रुंद राहिला पाहिजे. पात्याचं टोक रेषेच्या कडेवर ठेवा आणि हँडल अक्षराच्या बाजूला झुकवा, उभ्यापासून साधारण ३० अंश. म्हणजे टोक आत जाताना अक्षरापासून दूर जातं. हँडल उलट्या बाजूला झुकलं तर अक्षराच्या पोटाखालचं रबर कापलं जातं. असा ठसा सुरुवातीला सुबक उमटतो, म्हणून चूक कळतच नाही. पुढे दाबाने रेषा कलते, अक्षर जाड-बारीक दिसू लागतं आणि शेवटी तो भाग तुटतो.

पहिला काप दीड ते दोन मिमी खोल. मग दोन-तीन मिमी अंतरावरून समोरच्या बाजूने तिरका दुसरा काप घ्या. दोन्ही काप तळाशी भेटले की मधली पट्टी आपोआप सुटते. सुटली नाही तर ओढू नका, ओढलं की रेषेची कड फाटते. पुन्हा त्याच खाचेत पातं फिरवा. वळणावर पात्याचा हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने रबर फिरवायचं. अख्खं वळण एका दमात घ्या, कारण पातं जिथे उचललं तिथे छापात कोपरा दिसतो.

उलटीसुलटी
उत्तम सुरुवात. आरशातल्या अक्षरांबद्दल लिहिते, कारण सगळ्यांत जास्त ठसे इथे फुकट जातात.

ठशावर अक्षर उलटं असलं तरच कागदावर सुलटं येतं, हे माहीत सगळ्यांना असतं. तरी चूक होते ती वेलांटीत. 'कि' आरशात पाहिलं तर दांडी क च्या उजवीकडे जाते आणि ते 'की'सारखं दिसायला लागतं. रबरावर थेट पेनने काढणारा माणूस ते बघून "सुधारतो" आणि छापात ऱ्हस्वाची दीर्घ होते. 'ग', 'श', 'ण' यांची दांडी रबरावर डाव्या हाताला आलेली दिसली की असंच चुकचुकल्यासारखं वाटतं. म्हणून रबरावर थेट काढूच नका.

बटर पेपरवर ४बी किंवा ६बी पेन्सिलने अक्षर सुलटं, जसं वाचायचं तसं काढा. शिशाचा थर जाड हवा. मग कागद पेन्सिलची बाजू खाली करून रबरावर ठेवा, चिकटपट्टीने एका कडेला अडकवा आणि चमच्याच्या पाठीने घासा. एक कड उचलून पाहा, फिकट असेल तर तसाच खाली सोडून पुन्हा घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं. कार्बन पेपर वापरणार असाल तर मात्र बटर पेपर पालथा घालून, उलट्या दिसणाऱ्या अक्षरावरून गिरवावं लागतं, कारण कार्बन चित्र पलटवत नाही. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की नाव उलटं छापलं गेलंच म्हणून समजा.

कोरायला घेण्याआधी फोनने रबराचा फोटो काढून तो आडवा फ्लिप करून वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि प्रत्येक ठशाला करावं.

बारीकसारीक
प्रश्न आहे. कॉम्प्युटरवर टाइप केलेलं नाव थेट रबरावर उतरवता येतं का? नेलपेंट रिमूव्हरने होतं असं वाचलंय. आणि टाइप करताना मिरर करायचं की नाही?

उलटीसुलटी
होतं, दोन अटींवर. प्रिंट लेझरची किंवा झेरॉक्स हवी. त्यातली काळी पूड ॲसिटोनमध्ये विरघळते. इंकजेटची शाई अशी उतरत नाही. आणि रिमूव्हर ॲसिटोनवालं हवं. बाटलीवर 'ॲसिटोन-फ्री' लिहिलं असेल तर त्याने हे काम होणार नाही.

मिरर करू नका. सुलटी प्रिंट पालथी घातली की ती उलटी उतरतेच. कापसाचा बोळा ओलसर करा, थेंब गळता कामा नये. कागदाच्या मागून दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा, घासू नका, मग सरळ वर उचला. ॲसिटोन जास्त झालं तर प्लॅस्टिक खोडरबराचा पृष्ठभाग मऊ, चिकट होतो आणि अक्षरं पसरतात. उतरवल्यावर पृष्ठभाग पूर्ण कोरडा होऊ द्या. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, निरांजन काही पेटतं नको.

शिरोरेखा
देवनागरीसाठी माझा आग्रह असा आहे की पहिला ठसा खोदीव अक्षरांचा करावा. म्हणजे अक्षरं उठावाची न ठेवता अक्षरंच कोरून काढायची. छापल्यावर रंगीत पट्टीत पांढरं नाव दिसतं. व्ही हत्याराच्या एका फटक्यात एक रेषा होते, मोकळी जागा साफ करत बसावी लागत नाही आणि तुटायला काही उरत नाही. हत्यार जितकं खोल जाईल तितकी रेषा रुंद होते, त्यामुळे बोरूसारखी जाड-बारीक रेषाही जमते. कडेची चौकट सोडून आत दोन-तीन मिमी अंतर ठेवा. बऱ्याच खोडरबरांच्या कडा गोलसर असतात, तिथे कागदाला रबर टेकतच नाही.

उठावाच्या अक्षरांना वळलात की मापं सांभाळा. अक्षराची उंची निदान १२ मिमी, रेषेची जाडी १ मिमीच्या खाली नको, दोन रेषांमधली पांढरी जागाही तेवढीच. शिरोरेखा दीड ते दोन मिमी ठेवा. ती सगळ्या अक्षरांना एकत्र धरते, त्यामुळे आपल्या लिपीतला शब्द सुट्या रोमन अक्षरांपेक्षा दणकट होतो. हा फायदा घ्यायचा तर शिरोरेखा मध्ये तोडू नका. 'भ', 'ध', 'थ' यांच्या जागी ती मुळातच तुटलेली असते, तिथे खाच उथळ ठेवा, मिमीभर पुरे.

क्रम: आधी अक्षरांच्या पोटातल्या बंद जागा ('व', 'ष', 'क'ची गाठ), मग दोन अक्षरांमधल्या फटी, मग शिरोरेखेच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार, आणि बाहेरचं मोकळं रबर सगळ्यांत शेवटी. आतलं बारीक काम चाललेलं असताना रेषेला बाहेरून आधार हवा. बाहेरचं आधी काढलं तर पोट कोरताना रेषा पात्याबरोबर डोलते.

'ब' कठीण. पोटातल्या तिरक्या रेषेमुळे दोन चिमुकल्या फटी उरतात. अक्षर थोडं फुगवून घ्या, रेषा जाड ठेवा आणि दोन्ही बाजूंना पात्याच्या टोकाने तीन-तीन कापांचा त्रिकोण उचला. जोडाक्षरं शक्यतो आडवी जोडलेली निवडा. 'क्त', 'द्ध', 'ट्ट' यांची जुनी उभी रूपं दिसायला सुंदर, पण एवढ्या मापात गाळ होतो.

अनुस्वार आणि चंद्रबिंदू यांचा ठिपका दोन मिमी तरी हवा, आणि पाया सगळीकडून रुंद, शंकूसारखा.

बारीकसारीक
धन्यवाद, हे फार कामाचं आहे. मोकळी जागा किती खोल काढायची? छापताना अक्षरांभोवती शाईच्या रेघोट्या येतात.

ठसठशीत
त्या रेघोट्या हत्याराच्या वाटांमध्ये उरलेल्या उंचवट्यांच्या असतात. अक्षराजवळ दोन मिमी आणि त्यापलीकडे तीन मिमी खोली ठेवली तर सहसा येत नाहीत. मोठी रिकामी जागा असेल तर कोरत बसण्यापेक्षा कोपरे सरळ कापून टाका. अक्षराच्या बाहेर तीनेक मिमी रबर ठेवून बाकीचं उभ्या कापाने काढलं की काम संपलं.

कुठे काय राहिलं ते दिसावं म्हणून चित्र उतरवल्यावर पृष्ठभागावर फिकट हायलायटर फिरवा. कोरलेला भाग पांढरा दिसतो, राहिलेला रंगीत. जपानमध्ये सीड कंपनीचे वरचा थर रंगीत असलेले खास ब्लॉक मिळतात, त्यामागे हीच कल्पना आहे.

पहिला छाप रद्दी कागदावर घ्या आणि तो समोर ठेवूनच दुरुस्त्या करा. रबराकडे बघून चुका सापडत नाहीत. एक मात्र लक्षात ठेवा, काढलेलं रबर परत लावता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत सगळ्या रेषा केसभर जाडच ठेवाव्यात.

तांबडी शाई
शाईबद्दल. ऑफिसचं साधं स्टॅम्प पॅड पातळ, पाण्यातल्या रंगाचं असतं. नव्या खोडरबरावर ती शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. अशा वेळी शाई वाढवू नका, पृष्ठभाग तयार करा. साबणाच्या पाण्याने धुऊन हाताचा तेलकटपणा काढा, पुसून कोरडं करा, थोडी टाल्कम पावडर लावून झटका. तरी शाई धरत नसेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर पालथा न घालता, खरखरीत बाजू वर करून ठेवा आणि रबर त्यावर दोन-चार वेळा हलकेच फिरवा. हे कोरण्याआधीच केलेलं बरं. त्याने कंपनीच्या नावाचा ठसाही जातो आणि पृष्ठभाग सपाट होतो. क्राफ्टच्या दुकानात पिगमेंट शाईची पॅड मिळतात. ती दाट असतात, भरीव जागा एकसारखी उमटते, पण वाळायला वेळ लागतो.

ठसा पॅडवर आपटायचा नाही. ठसा उताणा धरून पॅडच त्यावर हलके टिपायचं. पॅडवर दाबला की शाई खाचांत उतरते आणि 'ब', 'ष' यांची पोटं भरून जातात.

छापताना कागदाखाली चार-पाच वर्तमानपत्रं किंवा माउसपॅड ठेवा. कठीण टेबलावर रबराचा मिमीच्या अंशाइतका उंचसखलपणाही दिसतो, मऊ बैठकीवर तो झाकला जातो. सरळ खाली दाबा, सगळ्या कडांवर सारखा जोर द्या, डोलवू नका, सरळ वर उचला.

कागदात आयव्हरी कार्ड, २५० ते ३०० जीएसएम, सगळ्यांत सोपं. हातकागदावर छाप तुटक येतो कारण पृष्ठभाग खडबडीत असतो. मऊ बैठक आणि दाट शाई घेतली तर तो तुटकपणा छान दिसतो. चकचकीत आर्ट कार्ड टाळा, साधी शाई त्यावर तासन्‌तास ओली राहते.

कोयरी
कापडावर कोणी करत असेल तर: कापड आधी धुऊन खळ काढा, नाहीतर रंग वरच्या वर बसतो आणि पहिल्या धुण्यात जातो. फेविक्रिलसारखा कापडाचा ॲक्रिलिक रंग पाणी न घालता बशीत घ्या, स्पंजच्या तुकड्याने ठशावर पातळ थर टिपा. प्रत्येक छापाला नव्याने टिपायचं. कापडाखाली जुन्या चादरीच्या तीन-चार घड्या. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करा. किती वेळाने आणि किती तापमानावर ते रंगाच्या बाटलीवर दिलेलं असतं, तेच पाळा.

ठसा रंग वाळायच्या आत धुवा. जुन्या दातांच्या ब्रशने, साध्या पाण्याने. खाचांत वाळलेला ॲक्रिलिक चिकटपट्टी दाबून उचलला तर बराचसा निघतो. थिनर अजिबात लावू नका, रबर विरघळायला लागतं.

नक्षीसाठी पहिली आकृती कोयरीच घ्या. बाहेरचं एक लांब वळण, आत एक समांतर खोदीव रेषा आणि ठिपके. ठिपक्यांसाठी रिकाम्या धातूच्या रिफिलीचं मागचं टोक रबरात सरळ दाबून गोल फिरवायचं आणि मधली गोळी पात्याने उचलायची. इतका गोल ठिपका हाताने जमत नाही.

आणि देवाधर्माच्या आकृत्या करताना दिशा तपासा. स्वस्तिक रबरावर उलटं असलं तरच कागदावर नेहमीचं उमटतं. थेट कोरलेलं स्वस्तिक पत्रिकेवर उलट फिरलेलं दिसतं. लक्ष्मीच्या पावलांना दोन ठसे लागतात, एकाच ठशाने दोन्ही डावीच पावलं उमटतील. एकदा बटर पेपरवर पाऊल काढा. एका रबरावर कागद पालथा घालून शिसं उतरवा, मग कागदाच्या मागच्या बाजूने तीच रेषा गिरवून दुसऱ्या रबरावर उतरवा. जोडी तंतोतंत जुळते.

शिरोरेखा
कोयरी, तुमची पावलांची युक्ती फार छान. घराच्या उंबऱ्याजवळ जमिनीवर हे ठसे वापरणार असतील त्यांनी मात्र खोडरबराऐवजी जाड फोमशीट पुठ्ठ्यावर चिकटवून करावं. खोडरबर मापाने लहान पडतं आणि फरशीवर मऊ बैठक मिळत नाही.

बारीकसारीक
ठसे ठेवायचे कसे? प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेले एकमेकांना आणि डबीला चिकटलेत.

ठसठशीत
प्लॅस्टिक खोडरबर म्हणजे सहसा मऊ केलेलं पीव्हीसी (एक प्रकारचं प्लॅस्टिक). त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि दुसऱ्या प्लॅस्टिकला लागलं की त्यालाही मऊ करतं. म्हणूनच खोडरबर पट्टीला किंवा कंपासच्या डबीला चिकटतं आणि तिथे खड्डा पडतो. प्रत्येक ठसा बटर पेपरमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा, कोरलेली बाजू वर, एकावर एक न रचता.

याच कारणाने लाकडी ठोकळ्यावर चिकटवतानाही काळजी घ्या. पातळ दुहेरी टेपचा गोंद काही महिन्यांत ओघळतो. १३ मिमी जाडीचं खोडरबर हातात नीट धरता येतं, त्याला ठोकळ्याची गरजच नाही. पातळ ब्लॉक असेल तर टेप अधूनमधून बदलायची तयारी ठेवा. ठोकळ्याच्या वरच्या बाजूला ठशाचा एक छाप मारून ठेवा, दिशा कळते.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात, खोडरबर इतकं मऊ पडतं की पातं कापण्याऐवजी ओढत नेतं. पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग कोरा. लिनोलियम वापरणारे नेमकं उलटं करतात, ते ऊब देऊन मऊ करतात. तिथली सूचना वाचून खोडरबर तापवू नका.

चौकटीबाहेर
मला घराच्या पत्त्याचा शिक्का करायचाय, चार ओळींचा. हाताने होईल?

तांबडी शाई
नाही, आणि तसा प्रयत्न करू नये. पत्त्यातली अक्षरं तीन-चार मिमी उंच असतात, रेषा अर्ध्या मिमीच्या आत. शिक्के बनवणाऱ्याकडे लेझरने कोरलेलं किंवा पॉलिमरचं रबर मिळतं, ते काम त्यांचंच आहे. हाताने फक्त आडनाव मोठं कोरा, भोवती वेल काढा, आणि पत्ता खाली पेनाने लिहा. पाकिटावर ते जास्त देखणं दिसतं.

चौकटीबाहेर
पटलं. अजून एक, 'चिंचवडकर' कोरताना 'चिं'वरचा अनुस्वार तुटला. चिकटवता येईल का?

शिरोरेखा
फेविक्विकने चिकटतो, पण सांधा कडक होतो, ठिपका थोडा वर उचलला जातो आणि मग छापात फक्त तोच गडद दिसतो. त्यापेक्षा तुटलेल्या जागेचा उरलेला खुंट दोन मिमी खाली सपाट करून टाका. कोयरींनी सांगितलेल्या रिफिलीने दुसऱ्या खोडरबरातून एक गोल दांडी कापून काढा, काडीच्या टोकाला चिकटवा आणि तिचं तोंड सपाट कापा. नाव छापून झालं की त्या काडीने अनुस्वार वेगळा द्यायचा. 'चिं'चा ठिपका वेलांटीच्या वळणाच्या उजव्या अंगाला येतो, तर नमुन्याचा एक कागद समोर ठेवा म्हणजे प्रत्येक पाकिटावर जागा एकच राहील.